परळ ते उंब्रज : कर्करोगाच्या गोळीचा प्रवास

कर्करोगाचा उपचार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शहरातले मोठे रुग्णालय, शिरेतून थेंबथेंब जाणारे औषध आणि किरणोपचाराचे यंत्र उभे राहते. हे चित्र खोटे नाही, पण आता ते अपुरे पडते. कर्करोगावरची बरीच औषधे आज गोळीच्या रूपात मिळतात. ती रुग्णालयात नव्हे, तर घरी, जेवणाच्या ताटाशेजारी घेतली जातात. म्हणजेच उपचाराचा मोठा भाग डॉक्टरांच्या नजरेआड, रुग्णाच्या घरात पार पडतो.

उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातील उंब्रज घेऊ. कराडच्या उत्तरेला, पुणे-बंगळूर महामार्गावर, तारळी नदी जिथे कृष्णेला मिळते तिथले हे गाव. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. इथला रुग्ण कराडला किंवा मिरजेला जातो, कधी मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय गाठतो. तिथे तपासण्या होतात, उपचार ठरतो आणि एक-दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन तो एस.टी.ने गावी परततो. पुढच्या तारखेपर्यंत त्या गोळ्या ठरल्याप्रमाणे पोटात जातात की नाही, यावर उपचाराचे यश अवलंबून असते.

ही गोळी घरापर्यंत कशी आली आणि घरात आल्यावर ती का चुकते, हे दोन्ही प्रश्न आपण या लेखात इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. पहिल्या प्रश्नाची सुरुवात परळमध्येच झाली आहे.

गिरणी कामगार स्त्रिया आणि यीस्टचा अर्क

१९२८ साली लुसी विल्स ही ब्रिटिश वैद्यक संशोधक मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये एक तीव्र पंडुरोग आढळत असे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी या रोगाचा आहाराशी असलेला संबंध तपासला. यीस्टचा अर्क, म्हणजे ब्रिटनमध्ये पावाला लावून खातात ते स्वस्त ‘मार्माइट’, दिल्यावर हा पंडुरोग बरा होतो, असे त्यांना आढळले. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील नेमका घटक तेव्हा अज्ञात होता, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे तो पालकाच्या पानांतूनही वेगळा काढण्यात आला आणि पानाला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले.

फोलिक आम्लाशिवाय पेशींना नवे डीएनए तयार करता येत नाही. जिथे पेशी भराभर वाढतात, तिथे त्याची गरज अधिक. रक्त तयार करणारी अस्थिमज्जा हे असे एक ठिकाण आहे. कर्करोगाची गाठ हे दुसरे.

हा धागा पुढे अमेरिकेत पोहोचला. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव तिथे लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या गटाने फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले, आणि त्याच्यासारखी दिसणारी पण त्याचे काम न करणारी काही द्रव्येही बनवली. किल्ली कुलपात शिरावी पण फिरू नये, आणि खऱ्या किल्लीची वाटही अडावी, तसे या द्रव्यांचे काम चालते. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे द्रव्य रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना टोचून दिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती. पण या रोगावर औषध चालू शकते, हे प्रथमच स्पष्ट झाले. त्याच वर्षी सुब्बाराव यांचे निधन झाले. अमिनोप्टेरिनची जागा लवकरच त्याच्याच कुळातील मेथोट्रेक्सेटने घेतली. हे औषध तोंडानेही देता येते.

१९५३ मध्ये गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधलेल्या ६-मर्कॅप्टोप्युरिन या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. १९६२ पासून मेम्फिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे आणि किरणोपचार यांची सांगड घालून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दीर्घ उपचार सुरू केला. रक्त स्वच्छ दिसू लागल्यावरही रोगाच्या थोड्या पेशी शरीरात दडून राहतात. त्यांच्यासाठी दोन-तीन वर्षे औषधे चालू ठेवायची, असा हा विचार होता. एक गोळी रोज, दुसरे औषध आठवड्यातून एकदा. भारतातही १९८४ पासून मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील मोठ्या केंद्रांनी अशाच प्रकारचा एक समान आराखडा वापरायला सुरुवात केली.

इथे एक मोठा बदल झाला. मूल बरे दिसते, खेळते, शाळेत जाते, आणि तरीही गोळी चालू असते. उपचाराचा हा टप्पा आता आई-वडिलांच्या हाती आला.

मद्रासच्या झोपडपट्टीतील धडा

घरी दिलेले औषध रुग्ण घेतो का, हा प्रश्न कर्करोगापुरता नाही, आणि तो नवाही नाही. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथसंग्रहातही, औषध घेतल्याचे रुग्ण खोटेच सांगतात, तेव्हा वैद्याने सावध राहावे, असा इशारा आढळतो. या प्रश्नाचा शिस्तीने अभ्यास मात्र झाला तो आपल्या देशात, क्षयरोगाच्या निमित्ताने.

त्या काळी क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवणे हा मान्य मार्ग होता. मिरज-सांगलीजवळचे वानलेसवाडी हे आपल्या भागातील लोकांच्या परिचयाचे असेच एक ठिकाण. पण रुग्ण लाखांनी आणि खाटा काही हजार, अशी स्थिती होती. म्हणून १९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र उभारले. १९३ रुग्णांचे दोन गट केले. एकाला आरोग्यधामात, तर दुसऱ्याला गर्दीच्या वस्तीतील त्याच्या घरी, एक वर्ष तीच औषधे दिली. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. पौष्टिक अन्न, विश्रांती आणि मोकळी हवा यांची वाण असूनही घरी राहिलेल्या रुग्णांचे निकाल जवळजवळ तितकेच चांगले होते.

या निकालाने जगभरातील क्षयरोगाच्या उपचाराची दिशा बदलली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील अधिक मोलाचा आहे. ‘औषध दिले’ आणि ‘औषध घेतले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या संशोधकांनी गृहीतच धरले होते. ते अचानक घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीत औषधाचा अंश आहे का ते तपासत. या अभ्यासाशी निगडित असलेले डॉ. वॉलेस फॉक्स यांनी रुग्णाने स्वतः औषध घेण्याच्या प्रश्नावर १९५८ मध्येच स्वतंत्र लेख लिहिला होता. अशाच अनुभवातून पुढे क्षयरोगाचे औषध कार्यकर्त्यासमोर देण्याची पद्धत रुळली.

मात्र ही पद्धत जशीच्या तशी कर्करोगाला लावता येत नाही. इथे प्रत्येक रुग्णाची औषधे आणि मात्रा वेगळी असते. रक्ताच्या तपासणीनुसार मात्रा कमी-जास्त करावी लागते, कधी काही दिवस औषध थांबवावेही लागते. काही गोळ्या वर्षानुवर्षे चालतात. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. इतका काळ रोज कोणी समोर उभे राहणार नाही.

गोळ्या मोजल्या तेव्हा

कर्करोगासारख्या जिवावरच्या दुखण्यात रुग्ण गोळी चुकवणारच नाही, अशी डॉक्टरांचीही दीर्घकाळ समजूत होती. १९७९ साली अमेरिकेत कर्करोगग्रस्त मुलांच्या लघवीची तपासणी करून हे पडताळले गेले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलांच्या शरीरात औषध ठरल्याप्रमाणे गेले नव्हते. किशोरवयीन मुलांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते.

पुढे बाटलीच्या झाकणात बसवलेल्या सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक यंत्राने बाटली केव्हा उघडली याची नोंद ठेवता येऊ लागली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांवर असा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. हे रुग्ण एका प्रकारच्या दीर्घकालीन रक्तकर्करोगावर इमॅटिनिब ही गोळी घेत होते. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात रोगाचा अंश अत्यल्प पातळीवर उतरण्याची सहा वर्षांतील शक्यता ९४.५ टक्के होती. ज्यांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात ती २८.४ टक्के होती. २०१२ साली अमेरिकेत मुलांच्या रक्तकर्करोगाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६-मर्कॅप्टोप्युरिनच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांमध्ये रोग उलटण्याचा धोका बराच अधिक होता.

या ९५ टक्क्यांचा हिशेब करून पाहू. महिन्याच्या ३० गोळ्यांचे ९५ टक्के म्हणजे २८.५. महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की प्रमाण ९३.३ टक्के होते, म्हणजे आपण रेषेच्या खाली आलो. शाळेत ९३ टक्के उपस्थिती उत्तम मानली जाते, पण इथे ती पुरत नाही.

असे का व्हावे? इमॅटिनिबचा शरीरातील अर्धायुकाल सुमारे १८ तास आहे, म्हणजे तेवढ्या वेळात रक्तातील औषध निम्मे होते. २४ तासांनी ते सुमारे ४० टक्के उरते. पुढची गोळी चुकली तर ४८ तासांनी सुमारे १६ टक्के, आणि तिसऱ्या दिवसाअखेर सुमारे ६ टक्के. औषधाची पातळी अशी घसरली की दबून राहिलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. रुग्णाला मात्र त्या दिवशी काहीच जाणवत नाही. गोळी चुकल्याची शिक्षा लगेच मिळत नाही, हीच यातील फसवी गोष्ट आहे.

किमतीचा अडसर

इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली, तेव्हा एका महाभयंकर रोगाचे रोजच्या गोळीने आटोक्यात राहणाऱ्या दुखण्यात रूपांतर झाले. पण मूळ कंपनीच्या औषधाची भारतातील किंमत महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये होती, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाची आठ ते दहा हजार. २००२ पासून कंपनीच्या मदतयोजनेतून अनेक भारतीय रुग्णांना हे औषध मोफतही मिळू लागले. पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिबसाठी भारताने पहिला सक्तीचा परवाना दिला होता. त्यामुळे महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडणारे औषध सुमारे ८,८०० रुपयांत मिळण्याचा मार्ग खुला झाला.

या घटना आपण सहसा कायद्याच्या किंवा व्यापाराच्या म्हणून वाचतो. पण औषधातील सातत्याच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे. गोळ्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड घेणारा रुग्ण विसराळू नसतो. तो पुरवून पुरवून वापरत असतो. त्याला आठवण करून देणे हा उपाय नव्हे.

मात्र किंमत कमी झाली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेमुळे औषधाच्या किमतीचा भार रुग्णावर पडत नाही. तरीही हॅमरस्मिथच्या अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश रुग्ण ९० टक्क्यांच्या वर जाऊ शकले नव्हते.

पुन्हा परळ

तंबाखू, गुटखा आणि मशेरी यांमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार आढळतो. रोग बळावलेला असेल तर शिरेतून औषध देण्यासाठी रुग्णाला वरचेवर रुग्णालयात यावे लागते. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी जुन्या, स्वस्त गोळ्यांचा एक उपचार पारखला : कमी मात्रेतले मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब ही सूज-वेदनेवरची गोळी रोज दोनदा. ४२२ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. शिरेतून सिसप्लाटिन घेणाऱ्या गटातील निम्मे रुग्ण ६.१ महिन्यांहून अधिक जगले, तर गोळ्यांच्या गटात हा काळ ७.५ महिने होता. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते. हा रोग बरा करणारा उपचार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण उरलेला काळ एस.टी.त आणि रुग्णालयाच्या रांगेत न जाता घरच्या माणसांत जातो, याचे मोल रुग्णालाच कळते.

हाफकिन संस्था आणि टाटा रुग्णालय यांच्यात चालत जाण्याइतकेच अंतर आहे. विल्स यांच्या शोधातून निघालेला धागा बोस्टनला वळसा घालून नव्वद वर्षांनी परळमध्येच परत आला, तो असा. आता तिथून उंब्रजपर्यंतचे अंतर उरते.

घरातला शेवटचा टप्पा

वरचाच उपचार उंब्रजच्या एखाद्या घरात गेला आहे असे समजू. एक गोळी रोज दोनदा, दुसरी आठवड्यातून एकदा, आणि पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत. घोटाळा होण्यास एवढे पुरे आहे. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेले तर तोंड आणि आतडी सोलवटतात, रक्तातील पेशी कमी होतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणजे इथे गोळी चुकवणे जितके वाईट, त्याहून जादा घेणे घातक. अशा वेळी साधा उपाय म्हणजे आठवड्याच्या गोळीसाठी घरातल्या सर्वांना माहीत असलेला वार धरणे. गावाचा बाजारवार हा त्यासाठी सोयीचा. तो कोणी विसरत नाही. मात्र तो वार डॉक्टरांना सांगून ठरवावा आणि पाकिटावर मराठीत ठळक लिहावा.

गोळी सुटण्याची इतर कारणेही घरोघरी ओळखीची आहेत. तळहात सोलतात, मळमळते, म्हणून रुग्ण मुकाट्याने गोळी बंद करतो. एकादशीला किंवा नवरात्रात जेवणानंतरची गोळी राहून जाते. सुगीत, लग्नसराईत वेळ चुकते. बरे वाटू लागले की गोळीची गरज संपली असे वाटते. कोणी सुचवलेले जडीबुटीचे औषध सुरू होते आणि ते डॉक्टरांपासून लपवले जाते. आणि अनेकदा घरच्यांनी रुग्णाला रोगाचे नावच सांगितलेले नसते. ‘ताकदीची गोळी’ म्हणून दिलेले औषध माणूस ताकद आली की सोडतो, यात त्याचा काय दोष?

कारण वेगळे, तसा उपाय वेगळा. दुष्परिणामामुळे गोळी सुटत असेल तर डॉक्टर मात्रा बदलू शकतात. पण त्यांना ते कळले पाहिजे. उपासाचा प्रश्न असेल तर तोही आधी विचारता येतो. औषध संपत आले असेल तर एक आठवडा आधी सोय करावी लागते. गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारावे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मुलांना मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले आणि पालकांच्या देखत गोळी घ्यायला लावली. सर्व मुलांचा एकत्र विचार करता फारसा फरक पडला नाही. मुळात गोळ्या चुकवणाऱ्या बारा वर्षांवरील मुलांत मात्र सुधारणा झाली. ज्याची अडचण विसरण्याची आहे, त्यालाच आठवण उपयोगी पडते.

या साऱ्या इतिहासातून एकच गोष्ट पुढे येते. मद्रासच्या संशोधकांनी रुग्णाला दोष न देता गोळ्या मोजल्या. किमतीचा लढा लढणाऱ्यांनी अडसर बाहेर आहे हे दाखवले. ‘गोळ्या नीट घेता ना?’ असे दरडावून विचारले की उत्तर ‘हो’ असेच येते. ‘गेल्या आठवड्यात किती राहिल्या? कशामुळे राहिल्या?’ असे विचारले तर खरी अडचण बाहेर येते, आणि मगच तिच्यावर उपाय होतो.

शिक्षकांसाठी यात दोन कामे आहेत. अर्धायुकालाचा वरचा हिशेब नववी-दहावीच्या वर्गात आलेखाच्या रूपात करून घेता येईल : रोज एक गोळी घेतली तर पातळी कशी स्थिरावते आणि तिसऱ्या दिवशीची गोळी चुकली तर ती किती घसरते, हे मुलांनीच काढावे. दुसरे काम घरचे. रकाने पाडून वार, वेळ आणि गोळीचे नाव मराठीत लिहिलेला तक्ता विद्यार्थी तयार करू शकतात. घरात रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा क्षयाची गोळी चालू असेल तिथेही तो उपयोगी पडेल. तक्ता भरण्याआधी डॉक्टरांच्या चिठ्ठीशी मोठ्या माणसाने तो ताडून पाहावा. त्यात एक रकाना ‘राहिली असल्यास कारण’ असा ठेवावा, आणि तो भरणाऱ्यावर कोणी रागावू नये.